तळाचे काम

सभेत हात वर झाले तेव्हा हरिश्चंद्र साळवींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे हात परक्यांचे असते तर त्यांनी तो राग गिळला असता. सोसायटीच्या सभांत आयुष्य घातलेला माणूस तेवढे शिकतोच. पण त्या हातांत एक हात अभिनवचा होता, आणि अभिनव त्यांचा पोटचा मुलगा होता.

प्रश्न होडीचा होता.

बेव्हर्ली पार्कच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी मिठागरे होती असे जुनी माणसे सांगतात, तिथल्या सखल गल्लीत त्यांची सोसायटी होती. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की खाडीचे पाणी नाल्यातून उलटे चढे आणि गल्ली कमरेएवढी भरे. इतर लोक त्या दिवशी सुट्टी घेत, भजी तळत, गॅलरीतून व्हिडिओ काढत. साळवींच्या घरात तसे चालत नसे. गिरिजाबाईंना मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला न्यावेच लागे. शरीरातले पाणी बाहेरच्या पाण्याची सबब ऐकून घेत नाही. मागच्या जुलैत चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलले होते. फाटकापाशी एकाचा पाय गटाराच्या कडेवरून सटकला, खुर्ची कलंडली आणि गिरिजाबाई त्या काळ्या पाण्यात छातीपर्यंत बसल्या. सुया टोचायचा तो डावा हात त्यांनी वर धरून ठेवला होता, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा. तरी जंतुसंसर्ग व्हायचा तो झालाच, आणि त्या मरता मरता वाचल्या.

त्यानंतर हरिश्चंद्रांनी होडीचा प्रस्ताव मांडला. लोक आधी हसले, मग गप्प झाले, आणि मग एकदम उत्साहाने पेटून उठले, कारण शेजारच्या एकाही सोसायटीकडे स्वतःची होडी नव्हती. उत्तनच्या लवू कोळ्याने आपली जुनी फायबरची होडी दिली. किनाऱ्यावरून मोठ्या बोटीपर्यंत माणसे ने-आण करायची ती, बसकी आणि रुंद, गल्लीत वळेल एवढ्या लांबीची. देताना त्याने काही लपवले नाही.

"तळाला चीर हाय, सायेब. खडकावं बसलेली ती एकदा. बाकी अंगानं धडधाकट हाय. इंजिन बिंजिन लावू नका, गल्लीत काय शर्यत न्हाय लावायची. एक बांबू घ्या, बास."

हरिश्चंद्रांनी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली होती आणि सारी नोकरी पंपांच्या कारखान्यात, तपासणी विभागात केली होती. पंपाचे कवच ओतून आले की त्यात दाबाने पाणी भरायचे, बाहेरून कुठे घाम फुटतो ते पाहायचे आणि जिथे फुटेल तिथे खडूने गोल काढायचा, हे त्यांचे काम. गोल न काढलेला पंप गिऱ्हाइकाकडे जाई. गोल काढलेला परत भट्टीकडे. या शिस्तीतून आलेला एक नियम त्यांनी होडीच्या कामाला लावला होता: जे काम बिघडले तर नुसते वाईट दिसेल, ते आपण घरी करावे, जे बिघडले तर माणूस बुडेल, ते जाणत्या कारागिराला द्यावे. म्हणजे रंग, बैठका, दोऱ्या, बांबू हे सगळे सोसायटीतल्या लोकांनी रविवारी मिळून करायचे. आणि तळाची चीर तेवढी उत्तनला, फायबरच्या कारागिराकडे न्यायची.

सभेने नेमके उलटे ठरवले.

"काका, सिंपल आहे," सेक्रेटरी नीलेश म्हणाला. तो रत्नागिरीकडचा, बोलायला गोड, आणि गच्चीच्या कामापासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत सगळे त्याच सुरात सांगणारा. "जे लोकांना दिसतं ते प्रोफेशनल माणसाकडून करून घेऊ. छत, सीट्स, पेंटिंग, नाव. अनिश आपल्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करतोच, त्यालाच देऊन टाकू. आणि जे दिसत नाही ते घरच्या घरी."

"जे दिसत नाही," हरिश्चंद्र म्हणाले, "त्यालाच होडी म्हणतात. वरचं सगळं नुसतं फर्निचर आहे."

"अरे, पण कारागीर कुठे मिळतोय?" खजिनदार ममताबेन म्हणाल्या. "तुमचा तो लवूच बोलला ने, मासेमारीची बंदी लागली की सगळ्यांच्या बोटी वर येतात, गणपतीपर्यंत कोणी फ्री नाही. तोपर्यंत आपण काय, होडीत तुळस लावायची?"

लोक हसले. आणि तेव्हा मागच्या खुर्च्यांमधून अभिनव उठला होता.

"तळाचं मी करतो. फायबरची जाळी आणि रेझिन, किट मिळतं. दोन्ही बाजूंनी घासून, थर देऊन. मी शिकलोय."

"कुठे शिकलास?" हरिश्चंद्रांनी विचारले.

"व्हिडिओ बघून."

"व्हिडिओत होडी बुडायला लागली तर व्हिडिओ थांबवता येतो."

या वेळी हशा मोठा झाला. मुलाचा चेहरा पडलेला त्यांनी पाहिला, आणि रागाच्या भरात त्यांना ते पाहून बरेही वाटले. मग नीलेशने ठराव वाचला आणि हात वर झाले. अभिनवनेही आपला हात वर केला. बापाकडे न बघता केला.

घरी आल्यावर त्यांनी चप्पल अशी काढली की ती जाऊन दारामागच्या छत्र्यांच्या बादलीत पडली.

"बहुमत!" ते म्हणाले. "पाण्याला बहुमत कळतं का? चीर बुजली की नाही याच्यावर मतदान घेतलं या गाढवांनी. आणि त्यात आपलं दिवटं सगळ्यांच्या पुढे."

गिरिजाबाई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्यांना जरा हुशारी असे, आणि हुशारी आली की त्या कुणालाच सोडत नसत.

"होडी माझ्यासाठी," त्या म्हणाल्या, "पण इतक्या लोकांत मला कुणी विचारलं नाही, बाई तुला पोहता येतं का?"

"चेष्टा नको, गिरिजा."

"चेष्टा कशाची? मला येतं. मी अलिबागची. बुडालात तर तुम्ही बुडाल." त्यांनी लसणाची साल फुंकली. "अहो, पोरगं आईसाठी काहीतरी करायला बघतंय. करू द्या की."

"आईसाठी करायचं तर नीट करावं. नाही जमत तर हात लावू नये. तळ म्हणजे काय मोबाइलचं कव्हर आहे?"

"तुमचा राग मात्र फार भक्कम आहे हो," गिरिजाबाई म्हणाल्या. "त्याच्यात बसवूनच न्या मला दवाखान्यात. कुठे म्हणून गळत नाही तो."

हरिश्चंद्रांनी बादलीतली चप्पल काढून जागेवर ठेवली. पण त्यांचा राग कमी झाला नाही. उलट, बोलायची सोय न राहिल्यामुळे तो आत मुरला.

पुढे मे महिन्यात दर रविवारी सकाळी अभिनव पार्किंगमध्ये उपड्या होडीपाशी बसलेला दिसू लागला. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, कोपरापर्यंत पांढरी भुकटी. चिरेच्या दोन्ही कडा त्याने उताराच्या केल्या, खालचे कुजकट वाटणारे फायबर खरवडून काढले, आणि त्या उकाड्यात तो थरावर थर देत राहिला. हरिश्चंद्र हात पाठीमागे बांधून जिन्याच्या खांबापाशी उभे राहत. जवळ जात नसत. तिथूनच त्यांचे शब्द जात.

"घाम पडतोय तुझा त्याच्यावर. घामावर रेझिन धरत नाही."

"पुसलाय, बाबा."

"आणि हवा कोंडली असेल आत. बुडबुडे."

"रोलर फिरवलाय. तुम्ही एकदा येऊन बघा ना. तुम्हाला कळेल."

"ज्या कामाला माझी मान्यता नाही, ते मी तपासत नसतो."

हे वाक्य त्यांनी कारखान्यात अनेकांना ऐकवले होते. तिथे ते ऐकून समोरचा माणूस काम मागे घेत असे. अभिनवने मास्क वर चढवला आणि पुन्हा रोलर हातात घेतला. पोरगा बापासमोर वाद घालत नाही, एवढेच नव्हे, तर रडवेला होऊन हातातले कामही टाकत नाही, ही गोष्ट हरिश्चंद्रांना फार झोंबली. आपल्या बोलण्याचे वजन इतके कमी झाले?

मग होडी सुलटी केली, मोटारीच्या जुन्या टायरांवर बसवली, आणि ती अनिशच्या ताब्यात गेली.

अनिश हा हसतमुख माणूस होता. त्याच्या कामातही एक प्रकारचा हसतमुखपणा असे. भिंतीवर ओल दिसली की तो तिच्यावर असा रंग देई की पाहणाऱ्याला ओल आठवतच नसे. त्याने होडीला गडद निळा रंग दिला. काठाला पिवळी पट्टी ओढली. चार पाइप उभे करून वर झालरीचे छत घातले, लग्नाच्या मांडवाला असते तसे. एका मोडीत निघालेल्या बसच्या बैठका आणून त्या ओळीने बसवल्या. बाजूवर 'जलदूत' असे वळणदार अक्षरांत लिहिले आणि त्याखाली कार्यकारिणीची सगळी नावे, पदासह. नाकापेक्षा मोती जड झाला होता. पण लोक येता-जाता त्या मोत्याचे फोटो काढत होते.

"अंकल, कैसा लगा?" अनिशने विचारले. "एकदम क्रूझ बना दिया."

"क्रूझला झालर नसते," हरिश्चंद्र म्हणाले. "ती आमच्याकडे वरातीच्या घोड्याला असते."

"बस ना, अंकल. आंटी महारानी जैसी बैठके जायेगी!"

त्यांनी वाकून होडीच्या आत पाहिले. त्यांची नजर बैठकांवरून घसरत मध्याच्या जरा मागे गेली, जिथे अभिनवचे ठिगळ होते. त्यावरही निळा रंग चढला होता. रंगाखाली काय दडले आहे ते आता कुणालाच दिसणार नव्हते, आणि हाच त्यांना सर्वांत मोठा अपराध वाटला. होडीत त्यांना त्या ठिगळाशिवाय दुसरे काही दिसत नव्हते. डोळे मिटले तरी तेच दिसे: गल्लीतले पाणी, होडीत गिरिजा, आणि तिच्या पायाखाली हळूहळू सुटत जाणारी ती वीतभर जागा.

उद्घाटन जूनमधल्या रविवारी ठरले. परिसरातले एक पुढारी फीत कापणार होते. आदल्या दिवशी हरिश्चंद्र नीलेशच्या दारात जाऊन उभे राहिले.

"आधी चाचणी घ्या. मग फीत, नारळ, हार, भाषण, काय करायचं ते करा."

"काका, चाचणी कुठे घेणार? पाणी कुठे आहे? खाडीवर न्यायची म्हणजे टेम्पो, परमिशन, सतरा भानगडी." नीलेशने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "गल्लीत पाणी भरलं की कळेलच ना."

"पाण्यात गेल्यावर जे कळतं," खांदा सोडवून घेत हरिश्चंद्र म्हणाले, "ते बुडणाऱ्याच्या कामाचं नसतं."

"तुम्ही फार निगेटिव्ह बोलता हो, काका."

"माझी बायको बसणार आहे त्याच्यात!"

त्यांचा आवाज जिन्यात घुमला. दोन दारे किलकिली झाली. नीलेश हसू सांभाळत म्हणाला, "तुमच्या मुलानंच तर केलाय तळ. त्याच्यावर तरी विश्वास ठेवा."

हा घाव नीलेशला कळला नसावा. पण तो वर्मी बसला.

रविवारी पार्किंगमध्ये सतरंजी पसरली होती. होडीला झेंडूच्या माळा होत्या, पुढच्या टोकाला कुंकू लावले होते, आणि फीत छताच्या एका पाइपापासून दुसऱ्या पाइपापर्यंत बांधली होती. पुढारी यायला अवकाश होता. माइकवर नीलेश 'हॅलो, हॅलो' करत होता. गिरिजाबाई व्हीलचेअरवर पहिल्या रांगेत बसल्या होत्या, अंगावर ठेवणीतली नारायणपेठी, कारण अनिशने त्यांना महाराणी म्हटल्याचे त्यांच्या कानावर गेले होते. अभिनव त्यांच्या मागे उभा होता.

हरिश्चंद्र आले ते इस्त्रीच्या सदऱ्यात, खिशात खडू घेऊन. ते सरळ भिंतीवरच्या आगीच्या नळापाशी गेले, लाल पेटीचे दार उघडले, पाइप उलगडला आणि त्याचे तोंड होडीत टाकून चावी फिरवली.

काय होते आहे हे लोकांना कळेपर्यंत पाणी बैठकांच्या पायांना लागले होते.

"काका!" नीलेश माइकमध्येच ओरडला, आणि ते अख्ख्या गल्लीला ऐकू गेले. "काका, काय करताय? बंद करा ते!"

"अरे, कोई रोको! सीट भीग जायेगी!" अनिश धावला.

हरिश्चंद्रांनी हातातला पाइप थोडा वर उचलला. तेवढ्याने दोघे जागच्या जागी थांबले.

"होडी पाण्यात टाकायला पाणी नाही म्हणालात ना? ठीक. मग पाणी होडीत टाकू. पंप असाच तपासतात. आत पाणी भरा, बाहेर बघा. कुणी पुढे आलं तर त्याचीही चाचणी होईल."

"अहो," गिरिजाबाई म्हणाल्या, "माझी साडी सांभाळा."

पाणी चढत गेले. निळ्या रंगावर ते फार सुंदर दिसत होते. झेंडूच्या पाकळ्या त्यात फिरू लागल्या होत्या. हरिश्चंद्रांनी पाइप तसाच सोडला, गुडघे टेकून ते होडीखाली वाकले आणि ठिगळाच्या बरोबर खाली मान नेली. हातात खडू तयार होता. इतक्या आठवड्यांचा राग त्या एका क्षणासाठी साठवून ठेवला होता. एक थेंब. एकच थेंब पडू दे, मग या सगळ्यांना आणि त्या पोराला...

ठिगळ कोरडे होते.

त्यांनी तळहात लावून पाहिला. बोटांची पेरे फिरवली. घाम नाही, ओल नाही, गारवासुद्धा नाही. फायबरला त्यांनी खडूच्या मागच्या टोकाने टकटक केले. भरीव, एकसारखा आवाज आला, चांगल्या ओतकामातून येतो तसा. त्यांचा खडू हवेतच राहिला.

आणि मग त्यांच्या मानेवर पाणी पडले.

आधी एक थेंब, मग दुसरा, मग धार. त्यांनी मान वळवली. होडीच्या पुढच्या भागात, बैठकांच्या खाली, निळ्या रंगाला चौकटी फुटल्या होत्या. प्रत्येक बैठकीखाली चार कोपऱ्यांना चार भोके, आणि प्रत्येक भोकातून करंगळीएवढी धार. रंगाचा पापुद्रा सुटून लोंबत होता, त्याच्या आडून पांढरी पुट्टी दह्यासारखी विरघळून गळत होती. पाणी सतरंजीवर पसरले, लोकांनी पाय वर घेतले, आणि मग माइक बंद करायचेही कुणाला सुचले नाही.

हरिश्चंद्र होडीखालून बाहेर आले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"अनिश," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता, आणि कारखान्यातल्या कुणी तो ऐकला असता तर तो तेवढ्यावरच घरी गेला असता. "बैठका कशावर बसवल्यास?"

"अंकल, सेक्रेटरी साब बोले थे, सीट हिलनी नहीं चाहिए. तो मैंने लंबेवाले स्क्रू डाले. एकदम आरपार. नीचे से पुट्टी भी मारी, वॉटरप्रूफवाली. दस साल की गॅरंटी है उसकी!"

"ती गच्चीची गॅरंटी आहे!" आता मात्र हरिश्चंद्र कडाडले. "गच्चीवर पाणी वरून येतं, गाढवा! इथे पाणी खालून येतं! तू होडीच्या तळाला चाळण केलीस, चाळण! एक आजारी बाई होडीत बसून दवाखान्यात जाणार आहे आणि तू तिच्या पायाखाली भोकं पाडलीस, आणि वर झालर लावलीस!"

"काका, मला काय माहीत..." नीलेश म्हणू लागला.

"तुला माहीत नव्हतं म्हणूनच तर तू ठरवलंस! माहीत असलेला माणूस घाबरतो. तू काय, उद्या ऑपरेशनलासुद्धा हात वर करायला सांगशील!"

ते आणखी बरेच बोलले असते. पण वळताना त्यांना अभिनव दिसला. तो ओल्या फरशीवर पालथा झोपून होडीखाली पाहत होता. बराच वेळ त्याने पाहिले. मग तो उठून उभा राहिला. शर्टाला चिखल लागला होता.

"माझं नाहीये, बाबा," तो म्हणाला. "गळतंय ते माझं नाहीये."

त्याच्या स्वरात विजय नव्हता. नुसता थकवा होता, आणि तोच ऐकवत नव्हता. हरिश्चंद्रांनी तोंड उघडले. रागाचे शब्द जिभेवर तयार होते, पण ते आता द्यायचे कुणाला? बैठका घरी करायचे काम म्हणून त्यांनी स्वतःच ठरवले होते. 'बिघडले तर नुसते वाईट दिसेल' या कामांत. त्या बैठका कुणीही बसवल्या असत्या तरी त्यांनी वाकून पाहिले नसते. इतके दिवस ते त्या होडीत एकच जागा पाहत होते, आणि ती जागा भक्कम होती. उरलेला सगळा तळ त्यांच्या डोळ्यांदेखत भोसकला गेला होता.

त्यांनी आगीचा नळ बंद केला. पाइप गुंडाळून पेटीत ठेवला. मग गिरिजाबाईंची खुर्ची ढकलत ते लिफ्टकडे गेले. पुढारी आले तेव्हा पार्किंगमध्ये घोट्याएवढे पाणी होते. "अरे वा," ते म्हणाले, "म्हणजे प्रात्यक्षिकसुद्धा ठेवलंय!" कुणी हसले नाही असे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी नीलेशचा निरोप आला: कमिटी या विषयातून मोकळी होत आहे, होडी काकांची, त्यांनीच काय ते पाहावे. हरिश्चंद्रांनी लवूला फोन केला.

"न्हाय हो, सायेब," लवू म्हणाला. "सगळे कारागीर गुंतलेले. माझीच बोट लाइनीत उभी हाय. आणि काय वं, होडीला बशीची सीट लावलीव? कंडक्टर पन ठेवलाव का?"

फोन ठेवून ते गॅलरीत आले. खाली होडी टायरांवर बसली होती, झेंडू सुकून काळा पडला होता. आत स्वयंपाकघरात मायलेकांचे काहीतरी चालले होते. अभिनव आईला मोजून पाणी देत होता, आणि ती अजून एक घोट मागत होती.

"अभिनव," त्यांनी हाक मारली. हाक नव्हतीच ती, जवळजवळ खेकसणे होते. "ते रेझिन उरलंय का?"

अभिनव दारात आला. "आहे थोडं. नवीन आणावं लागेल."

"मग आण. भोकं बुजवायची आहेत. नुसतं भरून भागायचं नाही, प्रत्येक भोकाच्या कडा आतून-बाहेरून उताराच्या करायच्या, तू त्या चिरेला केल्यास तशा. आणि ते झालरीचं छत आजच्या आज उतरव, मला ते डोळ्यांसमोर नको."

"म्हणजे... मी करू?"

"मग काय मतदान घेऊ?" ते म्हणाले. "बैठकांचे पाट मी करतो. लाकडाचे, नुसते ठेवायचे. तळाला एक खिळासुद्धा लागणार नाही."

स्वयंपाकघरातून गिरिजाबाईंचा आवाज आला, "ऐकलंस का रे? पसंती आली म्हणायची ती. आमच्याकडे अशीच येते."

या खेपेला हरिश्चंद्र खांबापाशी उभे राहिले नाहीत. ते उपड्या होडीच्या दुसऱ्या बाजूला स्टूल घेऊन बसत आणि पाटाला पॉलिशचा कागद घासत. काम झाल्यावर त्यांनी पुन्हा पाणी भरले, वाकून सगळा तळ पाहिला. या वेळी टोकापासून टोकापर्यंत, हात लावून. खडू त्यांनी खिशातून काढला आणि न वापरता परत ठेवला.

जुलैतल्या एका शुक्रवारी सकाळी भरती आणि पाऊस एकाच वेळी आले. दहाच्या सुमाराला गल्ली भरली. फाटक अर्धे दिसेनासे झाले, कुणाची तरी स्कूटर आरशापर्यंत बुडाली, आणि जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांशी होडी पाण्यावर हलत उभी राहिली. तिचे छत गेले होते; बाजूवरचे 'जलदूत' आणि खालची नावे मात्र तशीच होती, ती खरवडायला कुणाला वेळ झाला नव्हता. नीलेश न बोलावता हाफ पँटवर खाली आला आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याने पुढची दोरी धरली. हरिश्चंद्रांनी त्याच्याकडे पाहिले. त्याला हाकलले मात्र नाही.

गिरिजाबाईंना बापलेकांनी उचलून आणून कोरड्या पायरीवर बसवले. अभिनवने पाट पुढच्या बाजूला ठेवला होता, जिथे चढायला सोपे पडे.

"तिथे नको," हरिश्चंद्र म्हणाले. त्यांनी तो पाट उचलला, मध्याच्या जरा मागे नेला आणि चाचपडून, दोनदा सरकवून, जिथे ती जुनी चीर होती त्याच्या बरोबर वर ठेवला. निळ्या रंगाखाली ठिगळाचा उंचवटा बोटांना तेवढा लागत होता.

"इथे कशाला?" गिरिजाबाईंनी विचारले. "पुढे बसले असते तर गल्ली तरी दिसली असती."

"इथे तळ जाड आहे."

अभिनव बांबू हातात घेऊन मागे उभा होता. त्याने पाटाकडे पाहिले, मग बापाकडे. हरिश्चंद्रांनी लगेच मान फिरवली, बायकोला उचलून पाटावर बसवले आणि ते तिच्या पायाशी, थेट तळावरच, खाली बसले.

"बघतोस काय?" ते समोर पाहत ओरडले. "चल! आणि मधोमध चालव. भिंतीला घासलीस ना, तर बघ माझ्याशी गाठ आहे."

अभिनवने बांबू पाण्यात रोवला. होडी सुटली. गिरिजाबाईंनी डावा हात वर धरला होता, सवयीने; फाटक ओलांडल्यावर तो त्यांनी खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.